लष्करातील सरोदघर

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागात, जिवाजीगंजात असलेले सरोदघर हे संग्रहालय मुळात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराण्याचे वडिलोपार्जित घर आहे. जुन्या उस्तादांची वाद्ये, छायाचित्रे आणि कागदपत्रे तेथे जपलेली असून, ज्या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या रियाज झाला तिथेच ती पाहायला मिळतात, हे मला फार मोलाचे वाटते.

या वेळी पुण्याहून आलेली भाची सोबत होती. ती सतार शिकते, त्यामुळे सरोदाला पडदे का नाहीत, हा तिचा पहिला प्रश्न होता. याचे उत्तर रबाब या जुन्या तंतुवाद्यात आहे. हाफिज अलींच्या बंगश घराण्याचे पूर्वज अफगाणिस्तानातून रबाब घेऊन आले. रबाबाची पट्टी लाकडी आणि तारा तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्याच्या, त्यामुळे त्याचा नाद ठसठशीत असला तरी लवकर विरतो. आपल्या संगीताला मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणारी मींड हवी असते. लाकडाच्या जागी धातूची गुळगुळीत पट्टी आणि तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, तेव्हा डाव्या हाताच्या नखाने तार दाबून घसरत नेणे शक्य झाले. हा बदल प्रथम कोणी केला याबद्दल सरोदियांची घराणी निरनिराळे सांगतात. हाफिज अलींच्या घराण्यात त्याचे श्रेय त्यांचे आजोबा गुलाम अली खाँ यांना दिले जाते. पोटावर ताणलेले कातडे मात्र आजही रबाबाचीच आठवण देते, आणि तारा छेडण्याचा जवा नारळाच्या करवंटीपासून करतात, हे भाचीला विशेष आवडले.

हाफिज अली १९७२ मध्ये निवर्तले. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ यांचा जन्म १९४५ मध्ये ग्वाल्हेरातच झाला, आणि या घराचे संग्रहालय झाले ते त्यांच्याच पुढाकाराने.

तेथून बाहेर पडताना माझ्या मनात येते ते गायकीविषयी. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांचा ख्याल याच शहरात घडला. वासुदेवबुवा जोशी तो येथेच शिकले, त्यांच्याकडून तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेला, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. म्हणजे आज महाराष्ट्रात जो ख्याल घरोघरी शिकवला जातो, त्याचा मोठा प्रवाह लष्करच्या गल्ल्यांतून निघालेला आहे. ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडितांनी ही गायकी, विशेषतः टप्पा आणि तराणा हे गानप्रकार, दीर्घकाळ जिवंत ठेवली. राजाभैया पूछवाले यांनी माधव संगीत महाविद्यालयात विद्यार्थी घडवले.

वाद्य काचेच्या कपाटात ठेवता येते, तसा तिलवाडा तालातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ठेवता येत नाही, हे खरे. परंतु त्याच्या खुणा ठेवता येतात. येथील मराठी कुटुंबांच्या माळ्यांवर आजोबांच्या हातच्या बंदिशींच्या वह्या, गवसणीतले तंबोरे आणि घरगुती मैफलींची ध्वनिमुद्रणे असतील, तर त्यांची यादी करणे, वह्यांचे स्कॅनिंग करणे आणि जुन्या फितींचे डिजिटल रूपांतर करून घेणे हे काम आपल्यालाच करावे लागेल. कागद ठिसूळ होतो आणि फितीवरचा आवाज झिजतो, म्हणून सुरुवात फितींपासून व्हावी. एखाद्या बंदिशीचे शब्द वहीतून पुन्हा वाचता येतील, पण ती आलाप-तानांनी कशी भरली जात असे, हे फक्त त्या आवाजातच ऐकू येते.