परभणीतली १२ बाय १७ ची खोली आणि माणसाएवढे स्पीकर

आमची समोरची खोली १२ बाय १७ फुटांची. वर १० फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंती. मराठवाड्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या बहुतेक घरांची बैठकीची खोली अशीच असते. तिच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टाळीमागून एक पत्र्यासारखी झणझण येते. या खोलीत मला ख्याल ऐकायचा होता, आणि तो प्लेनर स्पीकरवर ऐकायचा होता. हे सगळं कसं जमवलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा आपल्याकडच्या घराचा विचार करून मराठीत लिहिलेलं मला काहीच सापडलं नाही.

प्लेनर म्हणजे चपटा, बिनपेटीचा स्पीकर. मायलरचा पातळ पडदा ताणलेला असतो, त्यावर ॲल्युमिनियमची तार किंवा पट्टी चिकटवलेली असते आणि जवळच चुंबकांच्या रांगा असतात. पट्टीतून प्रवाह गेला की अख्खा पडदा हलतो. पडदा पुढे आला की समोर दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे तेवढाच कमी होतो. म्हणजे जितका आवाज आपल्याकडे येतो तितकाच उलट होऊन मागच्या भिंतीकडे जातो. बाजूला मात्र दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात, तिथे जवळपास काहीच उरत नाही. खर्ज तर पडद्याच्या कडांवरून वळून मागच्या आवाजात विरून जातो. तो टिकवायचा असेल तर पडदा रुंद-उंच हवा, म्हणून हे स्पीकर मोठे असतात.

निवड करताना दोन वाटा होत्या. एक इलेक्ट्रोस्टॅटिकची, म्हणजे चुंबकांऐवजी विजेच्या भाराने पडदा हलवणाऱ्या स्पीकरची. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये जो स्पीकर विक्रीला आणला, त्याच्या मानवी आवाजाबद्दल आजही लोक भरभरून बोलतात. मी तो हैदराबादेत एका रसिकांच्या घरी ऐकला. देवगिरी एक्स्प्रेस परभणीहून थेट सिकंदराबादला जाते, त्यामुळे हैदराबाद आम्हाला पुण्यापेक्षा सोयीचं पडतं. त्यावर तंबोरा लागला आणि मी बराच वेळ बोललेच नाही. पण त्या पडद्यावर काही हजार व्होल्टचा भार कायम ठेवावा लागतो, त्यासाठी स्पीकरलाही विजेची जोडणी लागते, आणि भारित पडदा हवेतली धूळ ओढून घेतो. आमच्याकडे फेब्रुवारीपासून पावसापर्यंत दारं-खिडक्या लावल्या तरी संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. उन्हाळ्यात व्होल्टेजचाही भरवसा नसतो. त्यामुळे मी दुसरी वाट धरली, चुंबकावर चालणाऱ्या प्लेनरची.

अमेरिकेतल्या मिनेसोटात जिम वायनी यांनी १९६९ मध्ये मॅग्नेपॅन ही कंपनी सुरू केली. त्यांचं एलआरएस हे लहान मॉडेल साधारण ४ फूट उंच आहे आणि १.७आय हे मोठं जवळजवळ साडेपाच फूट, रुंदी १९ इंच, जाडी जेमतेम २ इंच. लहान खोलीला लहान पॅनेल, असं सगळे सुचवतात. मी मोठं घेतलं. त्याचं मुख्य कारण म्हणजे आम्ही खाली बसून ऐकतो. गादी आणि लोड ही आमची बैठक. सासूबाई मात्र खुर्चीवर बसतात. उंच पॅनेलचा आवाज उभ्या पट्टीसारखा निघतो. कान जमिनीपासून अडीच फुटांवर असो की साडेतीन, गाणाऱ्याचा गळा फारसा बदलत नाही. शिवाय असा आवाज छताकडे आणि फरशीकडे कमी सांडतो, आणि आपल्या घरांत सगळा दंगा छत आणि फरशीच करतात. बाजूला आवाज जात नाही हाही १२ फुटी रुंदीत मोठाच फायदा. पेटीचे स्पीकर बाजूच्या भिंतीपासून इतके जवळ ठेवले असते तर त्या भिंती सतत मध्ये बोलल्या असत्या.

जोडी वापरलेली घेतली. वापरलेली घेणाऱ्यांनी काही गोष्टी तिथेच उभं राहून तपासाव्यात. जुन्या मॅग्नेपॅनमध्ये गोंद कोरडा पडून तार पडद्यापासून सुटते. तेव्हा ४० ते २०० हर्ट्झचा सरकता स्वर हळू आवाजात वाजवायचा आणि कान पॅनेलजवळ नेऊन कुठे फरफर येते का ते ऐकायचं. कापडामागून टॉर्च मारून पट्ट्या सरळ दिसतात का ते बघायचं. दोन्ही पॅनेल आरशातल्या प्रतिमेसारखे असतात, एकाचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारी पट्टी, उजव्या कडेला तर दुसऱ्याचा डाव्या. तशी जोडी आहे ना, तेही पाहायचं. टेम्पोतून आणताना ती गाद्यांच्या मध्ये उभी आणली.

घरात आल्यावर सासूबाईंनी पॅनेलभोवती एक फेरी मारली. "अगं, हे पार्टिशन कुठं लावायलीस?"

"आई, हे भिंतीपासून पाच फूट पुढं उभं राहणार आहे."

"खोलीत मग माणसं कुठं बसायचीत?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि या स्पीकरची खरी किंमत तीच आहे. पैशाहून जास्त तो जागा मागतो. जागा देणं जमत नसेल तर कितीही चांगला प्लेनर भिंतीला टेकून वाया जातो. म्हणून मी म्हणते, दुकानात जाण्याआधी खोलीत टेप धरा.

पाच फूट कुठून आले ते सांगते. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा त्याने पॅनेल ते भिंत हे अंतर दोनदा कापलेलं असतं. तो निघतानाच उलटा असल्यामुळे, हे दुप्पट अंतर ज्या स्वराच्या एका पूर्ण लहरीएवढं भरतं तो स्वर समोर खोडला जातो. पूर्ण नाहीसा होत नाही, पण पातळ होतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. पॅनेल ४ फुटांवर असेल तर हा खड्डा १४१ हर्ट्झच्या आसपास पडतो. आता आमच्या घरात जे पुरुष गायक सर्वांत जास्त ऐकले जातात त्यांचा षड्ज काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा नेमक्या तिथेच. ४ फुटांवर पॅनेल ठेवले तेव्हा पंचम आणि खर्ज घुमत होते आणि मधला षड्ज मागे सरकल्यासारखा वाटत होता, तो यामुळेच. ५ फुटांवर खड्डा ११३ हर्ट्झला गेला. तंबोऱ्याचा पंचम १०४ ला, षड्ज १३९ ला, आणि खड्डा दोघांच्या मध्ये, जिथे कुठलीच तार नाही. जोड भरून आला. संगीत शिकलेल्या माणसाने हे गणित आपापल्या पट्टीने जरूर करून बघावं.

पाच फुटांचा आणखी एक फायदा वेळेचा. २ फुटांवर मागचा आवाज साडेतीन मिलिसेकंदांत परत येतो आणि मूळ आवाजात मिसळून त्याला चिखल करतो. ५ फुटांवर त्याला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या उशिराने आलेला आवाज कानाला वेगळा, मागून आल्यासारखा कळतो आणि गायकाच्या पाठीमागे जागा आहे असं वाटू लागतं.

खर्जाचं वागणं मला सर्वांत नवीन होतं. पेटीचा स्पीकर भिंतीजवळ नेला की खर्ज फुगतो. इथे उलट आहे. दोन्ही बाजूंना उघडा असलेला पडदा भिंतीला चिकटला की खोलीच्या लांबीतली सगळ्यात खालची घुमी, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारा स्वर, त्याला हलवताच येत नाही. जसजसा पुढे आणावा तसा डग्गा भरत जातो. आमच्या खोलीची ही घुमी ३३ हर्ट्झची आणि तिची दुप्पट ६६ ची. ६६ म्हणजे काळी एकच्या खर्जाला अगदी लागून, त्यामुळे बसायची जागाही विचाराने ठरवावी लागली. मागच्या भिंतीला टेकून बसलं की सगळ्या घुम्या एकदम अंगावर येतात. मधोमध बसलं की ३३ गायब आणि ६६ शिरजोर. शेवटी बैठक पॅनेलमागच्या भिंतीपासून ११ फुटांवर आली, मागे ६ फूट मोकळे. दोन्ही पॅनेलच्या मध्यांमधलं अंतरही ६ फूट. कानावर भरवसा ठेवलाच, पण आरईडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा मायक्रोफोन जोडून कुठला स्वर किती जोरात येतो त्याचा आलेखही काढला. कान आणि आलेख एकाच दिशेला बोट दाखवू लागले तेव्हा मी टाइल्सवर रंगाने खुणा केल्या.

कोन मात्र सुतळीने ठरवला. बैठकीवर ज्या ठिकाणी डोकं येतं तिथे एक स्टूल ठेवून त्यावर सुतळीचं टोक बांधलं. तिथून पॅनेलच्या आतल्या कडेपर्यंत ताणून एक गाठ, मग तीच सुतळी बाहेरच्या कडेला. मी ट्वीटर आतल्या बाजूला घेतले होते, कारण एकट्या गळ्याचं गाणं त्यामुळे मध्यात घट्ट उभं राहतं. बाहेर ठेवले तर चित्र रुंद होतं, वाद्यवृंदाला ते शोभेल. नियम असा की ट्वीटरची कड कानापासून किंचित लांब असावी, म्हणजे वरचे सूर खालच्यांच्या आधी पोचत नाहीत. त्यासाठी पॅनेल श्रोत्याकडे जरा जास्तच वळवावे लागले. गाठ बाहेरच्या कडेच्या बोटभर पुढे जाऊ लागली तिथे थांबले. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झंकार, तोवर चरचरीत वाटत होती, ती इथे मऊ झाली आणि तरीही उघडी राहिली. पखवाजाच्या डाव्या पुडीवरची ओली कणीक तळव्याखाली दबते, तो दबणारा आवाज मी रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यांदा ऐकला.

झणझणीचा बंदोबस्त कापसाने केला. परभणी कापसाचं गाव, त्यामुळे हा इलाज आपल्याला परदेशी फोमपेक्षा कितीतरी जवळचा आहे. गादीवाल्या चाचांना चार इंची पण सैल भरलेल्या गाद्या हव्यात म्हणून सांगितलं.

"ताई, भिंतीला गादी? पाठ टेकायला का?"

"नाही चाचा, आवाज शोषायला."

"मंग दाबून भरू नका म्हणता ते बराबर हाय. दाबला की त्याचा दगड होतो. हवा खेळली पायजे."

ध्वनिशास्त्रही हेच सांगतं. या गाद्या बैठकीच्या मागच्या भिंतीवर, भिंतीपासून चार इंच सोडून टांगल्या. ते अंतर सोडलं की शोषण आणखी खालच्या सुरांपर्यंत पोचतं. खर्जावर त्यांचा काही परिणाम होत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. वर खादीचं कापड, स्विचबोर्डापासून लांब, आणि पावसाळा सरला की एकदा ऊन. फरशीवर जाड सतरंजी. पॅनेलच्या मागच्या भिंतीवर मात्र मी एकही गादी लावली नाही. तिथे पुस्तकांचं उघडं कपाट आहे, लहान-मोठी पुस्तकं खाली-वर लावलेली. मागचा आवाज मारून टाकायचा असेल तर प्लेनर घ्यावाच कशाला? तो फक्त विखुरला पाहिजे. तीव्रपणा कमी करायला ट्वीटरला रेझिस्टर जोडायची सोय असते, पण खोली शांत झाल्यावर त्याची गरज राहिली नाही.

अँप्लिफायरबद्दल थोडक्यात. माहितीपत्रकात स्पीकरच्या आवाजाची पातळी ८६ डेसिबल लिहिलेली असते, पण ती २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या भारावर ते २ वॅट होतात, म्हणजे १ वॅटला ८३ डेसिबलच. हा स्पीकर प्रवाह मागतो. ४ ओहमला २०० वॅट सहज देणारा अँप्लिफायर घ्या आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर तो लावू नका. आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर नुसता गुरगुरतो. लाइट गेली की गाणं बंद.

एक सूचना कुणी देत नाही ती देते. शेजारी ग्रिलचं वेल्डिंग किंवा लोखंड घासणं चालू असेल तर पॅनेलवर चादरी टाका. हवेतला लोखंडाचा कीस या चुंबकांना चिकटला तर निघता निघत नाही. घरातल्या सुया-टाचण्याही लांब ठेवा.

जागेचा तह असा झाला. पॅनेलच्या पायांखाली जाड नमदा चिकटवला आहे, त्यामुळे टाइल्सवरून ते एकटीला सरकवता येतात. दिवसा दोन्ही भिंतीशी, रात्री जेवणं झाली की रंगाच्या खुणांवर. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा तीन दिवस खोली त्यांची, पॅनेल आतल्या खोलीत पलंगामागे उभे. हे मी स्पीकर घेण्याआधीच सासूबाईंशी बोलून ठरवलं होतं. हल्ली कार्तिकातल्या काकड्याच्या रेकॉर्डिंगसाठी पहाटे पॅनेल पुढे घ्यायला त्याच सांगतात.