सगळे आफ्रिकेतलेच, मग एवढे वेगळे का दिसतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, पण हा प्रश्न मला नेहमीच येतो. अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, उत्क्रांती सुरू झाली की वर्गात कुणीतरी विचारतंच, लोकलच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींनीही विचारलाय. सगळी माणसं आफ्रिकेतून निघाली म्हणता, मग नायजेरियन, चिनी, नॉर्वेचा माणूस आणि आपण इतके वेगळे कसे?

आपली प्रजाती साधारण ३ लाख वर्षं जुनी, मोरोक्कोत जेबेल इरहूदला तेवढ्या जुन्या कवट्या सापडल्यात. आणि आज आफ्रिकेबाहेर असलेल्या आपल्या सगळ्यांचे पूर्वज तिथून निघाले ते ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे आपला बहुतेक इतिहास तिथेच घडलाय. निघालेले लोक थोडेच होते. चिवड्याच्या डब्यातून मूठभर काढलं की एखाद्या मुठीत शेंगदाणेच जास्त येतात आणि काजू एकही नाही, तसं झालं, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर त्या मुठीतूनच अजून एक छोटी मूठ निघत गेली. म्हणून आजही जनुकांमधली सगळ्यात जास्त विविधता आफ्रिकेतच आहे. काही फरक असे नुसत्या योगायोगाने पडले, त्यांना काही कारण नाही.

रंगाला मात्र कारण आहे. कडक उन्हातली अतिनील किरणं शरीरातलं फोलेट नावाचं व्हिटॅमिन मोडतात, आणि फोलेट कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतो, म्हणूनच तर डॉक्टर गरोदर बाईला फॉलिक ॲसिड देतात. विषुववृत्ताजवळ गडद त्वचेने हे सांभाळलं. उत्तरेला उलटी अडचण, ऊन कमी आणि व्हिटॅमिन डी बनवायला तर ऊन हवंच, नाहीतर मुलांना मुडदूस होतो. तिथे उजळ त्वचेची माणसं जास्त टिकली. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली जगभरातल्या अतिनील किरणांचे आकडे आणि स्थानिक लोकांचे रंग शेजारी ठेवून दाखवलं की दोन्ही बऱ्यापैकी जुळतात.

आणि हे सगळं किती अलीकडचं आहे बघा. इंग्लंडमधे १९०३ला सापडलेला चेडर मॅन नावाचा सांगाडा, साधारण १० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा, त्याचा डीएनए तपासून २०१८ला सांगितलं गेलं की कातडी बहुधा बरीच काळसर होती आणि डोळे निळसर! ब्रिटनमधे! युरोपातला आजचा गोरेपणा बराचसा नंतर तुर्कस्तानच्या बाजूने आलेल्या शेतकऱ्यांबरोबर पसरला.

त्यातलं एक महत्त्वाचं जनुक कुठे सापडलं माहितीये? झेब्राफिशमधे, तोच पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा जो क्रॉफर्ड मार्केटच्या ॲक्वेरियमवाल्यांकडे दिसतो. त्याची एक फिक्या पट्ट्यांची जात असते, तिच्यात एसएलसी२४ए५ नावाचं जनुक बिघडलेलं निघालं आणि २००५ला कळलं की माणसाच्या रंगातही त्याचा हात आहे. युरोपात जवळपास सगळ्यांकडे त्याचं उजळ रूप आहे, आपल्याकडे मिश्र, एकाच घरात एका भावंडाला ते मिळतं आणि दुसऱ्याला नाही. सख्ख्या बहिणींमधे एक गोरी एक सावळी, ही गोष्ट बऱ्याचदा डीएनएतल्या अशा मोजक्या अक्षरांच्या फरकावर येते, आणि तेवढ्यावरून सावळ्या मुलीला लहानपणापासून बेसन-हळद लावत बसतात, स्थळं बघताना ऐकवतात, याचा मला मनापासून राग येतो.

रंगावरून नातं ठरवायला जाल तर हमखास फसाल. अंदमानचे ओंगे आदिवासी दिसायला आफ्रिकी वाटतात पण डीएनएने ते आशियातल्या लोकांच्या जवळचे आहेत, आफ्रिकेपासून ते आपल्याइतकेच लांब. सॉलोमन बेटांवर काळ्याभोर कातडीवर सोनेरी केस असतात, आणि ते एका वेगळ्याच जनुकामुळे, युरोपियनांशी काही संबंध नाही. खुद्द आफ्रिकेतही दक्षिणेकडचे सान लोक बरेच उजळ आहेत. पूर्व आशियातल्या लोकांच्या जाड सरळ केसांमागे ईडीएआर नावाचं जनुक आहे, तेच घामाच्या ग्रंथी आणि दातांचा आकारही बदलतं, तर निसर्गाने निवड नेमकी कशासाठी केली आणि केस फुकटात मिळाले का, यावर अजून वाद आहेत.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिननी १९७२ला हिशोब मांडला होता की माणसांमधला साधारण ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समूहाच्या आत सापडतो. वर्गात हे सांगितलं की मुलं आधी शेजारच्याकडे बघतात, मग फळ्याकडे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुंबईच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण अजून काळे होऊ का. नाही. उन्हात रापलेला रंग मुलांना जात नाही, जनुकं जातात, आणि ती बदलायची तर विशिष्ट रंगाच्या लोकांची मुलं जास्त जगावी लागतात. पुढच्या पिढ्यांचं रूप कोणाची लग्नं कोणाशी होतात यावरच जास्त ठरेल, कारण उन्हाचं काम आता बरंचसं फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बाळाला रोज देतात ते व्हिटॅमिन डीचे थेंब करतायत.