एका चुलीची किती क्रेडिटं?

विमानाचं तिकीट काढताना शेवटी विचारतात, ‘चार पैसे जास्त भरून प्रवासाचा कार्बन भरून काढायचा का?’ ते पैसे कधी जंगलाच्या प्रकल्पात जातात, कधी खेड्यातल्या सुधारित चुलींना. हिशेब समजून घ्यायला चूल बरी.

त्या पैशांत कार्बन क्रेडिटं विकत घेतली जातात. एक क्रेडिट म्हणजे हवेत न गेलेला किंवा हवेतून काढलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. समजा, एका घरात वर्षाला ३ टन सरपण जळतं आणि नव्या चुलीने ४० टक्के वाचतं. म्हणजे १.२ टन. एक टन लाकडामागे साधारण १.७५ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर झाले २.१ टन.

पण तेवढी क्रेडिटं मिळत नाहीत. तोडलेलं झाड पुन्हा फुटलं की तो कार्बन परत लाकडात जातो. म्हणून पुन्हा न उगवणाऱ्या सरपणाचा वाटा किती ते ठरवून त्याने गुणायचं. खरी गोम इथेच आहे. वाटा ०.८५ धरला तर १.८ क्रेडिटं, ०.३० धरला तर जेमतेम ०.६. चूल तीच, घर तेच! आणि जिथे चुलीत तुराट्या-पऱ्हाट्या जातात, तिथे त्या दरवर्षी शेतात उगवतातच. त्यांच्यावर हा वाटा लावताच येत नाही.

दुसरी गळती वापरात. नव्या चुलीवर चहा-भाजी होते, पण मोठा तवा नीट बसत नाही, म्हणून भाकरी जुन्याच चुलीवर. अंघोळीचं पाणीही तिथेच. ‘नवी चूल वापरता का?’ असं विचारलं की पाहुण्यासमोर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा निदान तीन दिवस रोज सरपणाची मोळी काट्यावर तोलावी, नाहीतर चुलीला तापमान नोंदवणारं यंत्र लावावं. २०२४ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आलेल्या अभ्यासात तपासलेल्या चूल-प्रकल्पांची क्रेडिटं अभ्यासकांच्या हिशेबापेक्षा सरासरी ९ पटींनी जास्त निघाली.

तरी गिऱ्हाईक असतंच. कंपनीला स्वतःचा बॉयलर बदलण्यापेक्षा क्रेडिट स्वस्त पडतं, शिवाय वार्षिक अहवालात आकडा दाखवता येतो. माझ्या मते विमानप्रवाशाचा हेतू अशा कंपन्यांपेक्षा सरळ असतो.

घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला पुन्हा न उगवणाऱ्या सरपणाचा वाटा किती धरलाय ते विचारा. आणि क्रेडिट तुमच्या नावे रजिस्ट्रीत, म्हणजे क्रेडिटांच्या नोंदवहीत, ‘रिटायर’ म्हणजे कायमचं बाद झाल्याचा अनुक्रमांक मागा. रिटायर न केलेलं क्रेडिट उद्या दुसऱ्याला विकता येतं.