शाहाच्या पक्षाचे होतात का तुम्ही?

इराण बातम्यांत आलं की कुणीतरी विचारतंच, "काका, तेव्हा तिथेच होतात ना? मग शाहाचेच तुम्ही!" शाह म्हणजे इराणचा तेव्हाचा राजा. अरे, कंत्राटावर आलेल्या परक्या इंजिनिअरला पक्षात कोण घेतंय? पण पुतण्यानं माझी जुनी पत्रं वाचलीत, तेव्हा आता सांगूनच टाकतो.

मार्च 1975मध्ये शाहानं होते ते पक्ष मोडून एकच पक्ष काढला, रस्ताखीझ, म्हणजे पुनरुत्थान. पटत नसेल त्यानं तुरुंगात जावं, नाहीतर पासपोर्ट घेऊन चालू लागावं, असं जाहीरच केलं. ऑफिसात पक्षाची वही फिरली, सगळ्या इराण्यांनी मुकाट सह्या केल्या. मी सांगलीला लिहिलं, "एक पक्ष, एक शिस्त. आपल्याकडेही असंच हवं." पत्र पोचेपर्यंत आपल्याकडे आणीबाणी लागली होती. वडिलांनी उत्तरात त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्याच उन्हाळ्यात महागाई आवरायला, सरकारी दरापेक्षा जास्त घेणारे दुकानदार पकडायला, पक्षानं विद्यार्थी बाजारात धाडले. आम्ही इस्फहानला. गल्लीतल्या वाण्याकडे मी कंद घेत होतो. कंद म्हणजे साखरेचे टणक खडे. दातांत धरायचे नि वरून चहा प्यायचा. तीन पोरं आत आली. "आगा, कितीला घेतलंत?" मी आकडा सांगितला. खरा तोच. वाणी माझ्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानाला टाळं. त्याला कुठे नेलं, कधी सोडलं, मला कळलं नाही.

भाव फुगले होते ते तेलाच्या पैशानं. वाण्यानं काय करायचं? हे आज कळतं. सरकारी दर मला ठाऊक नव्हता, असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. पण पोरांच्या हातात दरपत्रक होतं आणि ते मला दिसत होतं. शिवाय आदल्याच आठवड्यात 'लुटतो मेला' म्हणून मी बायकोपाशी कुरकुरलो होतो.

1978 संपायच्या आत पक्षच गुंडाळला, जानेवारीत शाह देश सोडून गेला. ते पत्र लिहिणाऱ्याला मूर्ख म्हणावं, तर शिस्तीचं नाव निघालं की अजूनही माझी मान डोलते.

एक राहिलंच. पोरांसमोर वाण्यानं जास्तीचे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले होते. मी ते खिशात टाकले.