नागपूरला गेलो लग्नाला, आणि मनात राहिलं एक करडं चित्र

नागपूरला तीन दिवस होतो, पैकी दोन लग्नात गेले. सावजी खाल्लं, संत्रा बर्फी घेतली, ऊन सोसलं. त्यावर सगळेच लिहितात.

आत्याचं घर शहराच्या उत्तरेला, कोळशाच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात त्या बाजूला. सकाळी गच्चीत तुळशीच्या पानावरून सहज बोट फिरवलं तर बोट करडं. आत्या म्हणाली, "राख आहे रे बाबू, रोजचंच आहे. कपडे वाळू घालायच्या आधी दोरी पुसून घेतो आम्ही."

शेजारी चित्रकला शिकलेला एक मुलगा राहतो, तिनेच त्याच्याकडे नेलं. खोलीत चार बाय पाचचा कॅनव्हास, नुसता करडा. गच्चीवरची राख झाडून जमवायची, चहाच्या गाळणीने चाळायची, फेव्हिकॉलमध्ये कालवायची आणि गवंड्याच्या थापीने ओढायची, असे थरावर थर, आणि वाळताना पडलेल्या भेगा तशाच ठेवलेल्या. झाड नाही, धुराडं नाही. आमच्यासोबतचे एक पाहुणे हसून म्हणाले, "प्लास्टर बाकी आहे काय?" मला इतका राग आला की तिथेच दोन शब्द बोललो, लग्नघरात बोलायला नको होतं पण बोललो.

पोरगा मात्र शांत. म्हणाला, "दादा, 2022 च्या जुलैत खसाळ्याला वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला न, तेव्हा पाहायला गेलो होतो मी. वावर कोणतं अन् वावराचा धुरा, म्हणजे बांध, कोणता, काहीच समजून नव्हतं राहिलं. मग मी आकार कुठून आणू? झाड काढलं की लोक छान म्हणतात अन् निघून जातात."

म्हणजे ज्याला आपण अमूर्त, कसलाच ओळखीचा आकार नसलेलं चित्र, म्हणतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे! अमूर्त चित्रांसाठी गाजलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली याच शहरात जन्मले, चित्रकार सय्यद हैदर रझा इथेच चित्रकला शिकले, पुढे मुंबई आणि पॅरिस. रझांचे वडील वनखात्यात, लहानपण मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या जंगलात गेलं, आणि मला तरी त्यांच्या चित्रांतल्या मोठ्या काळ्या बिंदूत त्या जंगलातली रात्र दिसते. या पोराला लहानपणापासून दिसली ती राख.

चित्र मी घेतलंय, पैसे देऊन आलो. रेल्वेत मावेना म्हणून तिथेच ठेवलंय, दिवाळीनंतर टेम्पोने आणणार, आणि हॉलमधला धबधब्याचा फोटो काढून तिथे लावणार.