मग तीन पत्तीत तुम्हाला कोण हरवणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कोणीही हरवतं. गेल्या दिवाळीत साडूंकडे काजू लावून तीन पत्ती खेळलो. माझ्या वाट्याचे पंचवीस काजू दीड तासात संपले आणि पुढचे दहा मी त्यांच्या मुलीकडून उसने घेतले. ती सातवीत आहे.

हा प्रश्न कधी येणार ते आता मला अंगवळणी पडलं आहे. माझा पत्त्यांच्या जादूचा प्रयोग संपलेला असतो, मी पत्ते खोक्यात भरत असतो, आणि एखादे काका जवळ येऊन आवाज खाली करून विचारतात. काका नसले तर नवरदेवाचा मित्र. डोळ्यांत कौतुक असतं, थोडा संशय असतो, आणि 'आम्हालाही शिकवा की' असंही काहीतरी असतं. बायकोला हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला असता तर तिने महिन्याचा हिशेबच पुढे केला असता.

माझी ओळख थोडक्यात. दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी मुंजी, वाढदिवस, सोसायट्यांचे गणपती, कधी एखाद्या कंपनीचं रात्रीचं जेवण. लहानपणी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा खेळ पाहिला आणि डोक्यात खूळ शिरलं. त्यांच्यासारखा रंगमंचावरचा लवाजमा जमवणं मला शक्य नव्हतं. घरात बावन्न पत्त्यांचा एक कॅट होता, त्याच्यावरच भागवलं. पत्त्यांची जादू वीस-पंचवीस माणसांपुरती असते. त्यापलीकडे बदाम काय आणि चौकट काय, मागच्या रांगेला दोन्ही लाल ठिपकेच.

काकांना वाटतं, ज्या हातांनी मी त्यांचा पत्ता शोधला त्याच हातांनी मला तीन एक्के घेता यायला हवेत. हे का जमत नाही ते सांगायचं तर एक युक्ती फोडावी लागेल. ही इतकी जुनी आहे की तिच्यावर आता कुणाचाच हक्क नाही.

पत्ते सारखे करताना मी तळाचा पत्ता पाहून ठेवतो. समजा, चौकटची नव्वी. तुम्ही एक पत्ता काढून बघता आणि कॅटच्या सगळ्यात वर ठेवता. मग तुम्हीच काटता: वरचा गठ्ठा खाली, खालचा वर. झालं. तळाची नव्वी तुमच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसली. आता मी वरून एकेक पत्ता उताणा टाकत गेलो की नव्वीच्या मागून येईल तो तुमचा. पुढे आणखी पाच जणांनी काटलं तरी काही बिघडत नाही, कारण काटणं म्हणजे जपाची माळ फिरवणं. मेरुमणी इकडचा तिकडे जातो, बाकीच्या मण्यांचा क्रम तोच राहतो. काटताना नेमकं त्या दोघांच्या मध्येच बोट पडलं तर नव्वी तळाला आणि तुमचा पत्ता वर, एवढंच. पिसणं मात्र वेगळं. पिसणं म्हणजे माळ तोडून मणी उधळणं. प्रेक्षकाच्या लेखी दोन्ही सारखंच. 'पाच जणांनी काटले' याचं घरी पोचेपर्यंत 'पाच जणांनी पिसले' होतं, आणि आमचं निम्मं नाव असं लोकांच्या तोंडूनच मोठं होतं.

एकदा मात्र हेच अंगाशी आलं. एका सोसायटीचा गणपती, पहिल्या रांगेत ऐंशीच्या पुढच्या एक आजी. त्यांनी पत्ता बघितला, वर ठेवला, मी म्हणालो, "आजी, जरा काटता का?" आजींनी कॅट उचलला आणि उभ्या जन्माच्या मेंढीकोटाच्या सवयीने खसाखस पिसला. माझी नव्वी कुठे, त्यांचा पत्ता कुठे, काही म्हणजे काही कळेना. घशाला कोरड पडली. मग हसून म्हटलं, "छान पिसलेत. आता तुमचा पत्ता आत आहे ना, तेवढी खात्री करून घ्या. मला नका दाखवू." मी पाठ फिरवली. आजींनी पत्ते उलगडून शोधला, शेजारणीला दाखवला. तो परत ठेवायच्या वेळी कॅट माझ्या हातात होता, आणि या खेपेला पत्ता कुठे जातोय ते माझ्या करंगळीला ठाऊक होतं. दोन मिनिटांनी पत्ता निघाला, टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी त्याच सोसायटीचे सेक्रेटरी मी समोर बसलेलो असताना कुणाला तरी सांगत होते: "आजींनी स्वतः पिसले, यांनी पत्त्यांना हातसुद्धा लावला नव्हता!" मी दुरुस्ती केली नाही.

मी वाचलो तो एकाच कारणामुळे. शेवट काय होणार आहे हे मी आधी बोललो नव्हतो. पत्ता हरवला तर मी वाट बदलतो आणि ती बदलली हे तुम्हाला कळायची सोयच नसते. कधी वेळ काढायचा, कधी विनोद करायचा, कधी पत्ते खाली ठेवून पाणी प्यायचं, सगळं माझ्या मर्जीने. तीन पत्तीच्या डावात मला काय हवं आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वाटायची पाळी कधी येणार, नजर कधी ठेवायची, तेही सगळ्यांना माहीत असतं. आणि तिथे "आजी, जरा खात्री करून घ्या" असं म्हणता येत नाही.

शिवाय जादूगार एक खेळ त्याच माणसांना लगेच दुसऱ्यांदा दाखवत नाही. पहिल्यांदा बघणारा चेहरा बघतो, दुसऱ्यांदा हात बघतो. म्हणून तर डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराचं नाव आमच्यात अजून घेतलं जातं. बेड्या-कुलुपांतून सुटणारा प्रसिद्ध जादूगार हुदिनी, त्याची बढाई होती की कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी ओळखेन. १९२२ साली शिकागोत व्हर्ननने त्याला त्याची आद्याक्षरं लिहिलेला पत्ता कॅटच्या आत घालून परत वर आणून दाखवला. पुन्हा दाखवला, पुन्हा पुन्हा दाखवला. हुदिनीला उलगडा झाला नाही. तेव्हापासून व्हर्नन 'हुदिनीला फसवणारा माणूस' झाला. एवढा मोठा मान कशासाठी? तीच गोष्ट अनेकदा करूनही पकडला गेला नाही म्हणून. पत्त्यांत लबाडी करणाऱ्याला मात्र तीच गोष्ट रात्रभर करायची असते, तीही ज्यांचे पैसे जाताहेत अशा माणसांसमोर, आणि टाळ्या तर सोडाच, काही घडलं असं वाटूसुद्धा द्यायचं नसतं.

हाच व्हर्नन पुढे १९३२मध्ये कॅन्ससमधल्या विचिटाच्या तुरुंगात एका जुगारी कैद्याला भेटला. कैद्याने सांगितलं की कॅटच्या मधून पत्ता वाटणारा एक माणूस आहे. म्हणजे काय, ते कळायला पुन्हा आपल्या माळेकडे यावं लागेल. लबाड माणूस हवे ते पत्ते तळाशी जमवतो आणि स्वतःच्या पाळीला तळातून वाटतो. त्याचा घात करते ती काट. शेजाऱ्याने काटलं की तळाचे पत्ते मध्ये जाऊन पडतात. माझ्या युक्तीत जी काट माझं काहीच बिघडवत नाही, उलट माझं काम करून देते, ती त्याची रात्र वाया घालवते. मग वाटतानाच कॅटच्या पोटातून पत्ता काढता आला तर? अशक्यच, असं बहुतेक जाणकार मानत. व्हर्नन त्या माणसाला हुडकत मिझुरीतल्या प्लेझंट हिल नावाच्या छोट्या गावी पोचला. माणसाचं नाव अ‍ॅलन केनेडी. त्याने ते करून दाखवलं. एका हुकमी वाटपासाठी किती वर्षं घासली असतील, याचा विचार करून मला तर घामच फुटतो.

या विद्येचं सगळ्यात नावाजलेलं इंग्रजी पुस्तक १९०२ साली शिकागोत निघालं. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे टोपणनाव कुणाचं, यावर अजून वाद चालू आहेत. पुस्तकाचा पहिला भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा आणि दुसरा जादूचा. मी दुसऱ्या भागातलं थोडंफार करतो. पहिला वाचतो, आरशासमोर करून बघतो आणि पुस्तक मिटतो.

जत्रेत तीन पत्ते टाकून 'राणी कुठे' विचारणारे पाहिले असतील. लोक म्हणतात, काय हात आहेत! हात असतातच. पण तुमच्यादेखत जो माणूस जिंकतो तो त्यांचाच, तुमच्या कानात "मधली, मधली" सांगणारा त्यांचाच, आणि "पोलीस आले" म्हणून ओरडणाराही त्यांचाच. एकट्याच्या हातचलाखीवर त्यांचाही भरवसा नसतो, मी कोण?

आणि घरच्या डावात पत्ते तरी माझे कुठे असतात? प्रयोगाला मी कागदी, हातातून सुळसुळ सरकणारा कॅट वापरतो. पावसाळ्यात तोही दमट होऊन फुगतो, पत्ते एकमेकांना बिलगतात, आणि दोन पत्ते एक म्हणून उचलायचे तर तीन येतात. साडूंकडचा कॅट प्लास्टिकचा. चिवड्याच्या तेलाने माखलेला, तरी मधूनच निसटणारा. किलवरची तिर्री केव्हाच हरवली आहे, तिच्या जागी जोकरवर बॉलपेनने तीन काढलाय. तो कुणाकडे गेला हे ओळखायला जादूगार लागत नाही.

एका गोष्टीचा मला फायदा होतो, तो कबूल करतो. पत्ते किती वाईट पिसले गेलेत हे मला दिसतं. आपल्याकडे घरोघरी पिसतात ती पद्धत, उजव्या हातातल्या कॅटवरचे छोटे छोटे गठ्ठे डाव्या तळव्यावर पाडत जायचं, तिला परदेशी जादूगार 'हिंदू शफल' म्हणतात आणि मुद्दाम शिकतात. का शिकतात? 'थांबा' तुम्ही कधीही म्हणा, उजव्या हातातल्या गठ्ठ्याचा तळ शेवटपर्यंत तोच राहतो. उरलेलं तुम्हीच ओळखा. पण या पद्धतीत गठ्ठे जागा बदलतात, गठ्ठ्याच्या आतला क्रम फारसा मोडत नाही. दोन अर्धे एकमेकांत फर्रकन मिसळायचे, त्या पद्धतीने सात वेळा केलं की बावन्न पत्ते बऱ्यापैकी विस्कटतात. डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२मध्ये हे मांडलं. यातला डायकॉनिस चौदाव्या वर्षी घर सोडून त्याच व्हर्ननबरोबर जादू करत फिरलेला. आपल्या पिसण्याने तेवढा विस्कोट व्हायला याच्या कितीतरी पट वेळा पिसावं लागेल. आपण पिसतो चार वेळा, तेही बोलता बोलता.

त्यामुळे रमीत मागच्या डावात कुणी लावलेली बदामची सत्ती-अठ्ठी-नव्वी पुढच्या डावात जवळजवळच निघते. सत्ती दिसली की अठ्ठी फार लांब नाही, एवढं मला कळतं. पत्ते वाटताना ती तिघं वेगवेगळ्या हातांत जातात, पण कुणाच्या, याचा थोडा अंदाज येतो. ही लबाडी नव्हे. तरी सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही, कारण आमच्याकडे सगळ्यात वाईट पिसणाऱ्या त्याच आहेत. आणि तीन पत्तीत या अंदाजाचं काही चालत नाही. तिथे साडूंचा चेहरा वाचावा लागतो आणि त्यांचा चेहरा पत्ते न बघता ब्लाइंड खेळतानाही तसाच, तीन एक्के आले तरी तसाच.

घरचा नियम आहे, मी पत्ते वाटायचे नाहीत. मी पानं उचलताना बाह्यासुद्धा दुमडायला लावतात. त्या रात्री मात्र बारा वाजून गेले होते, निम्मे लोक झोपले होते. साडूंच्या मुलीने कॅट माझ्याकडे सरकवला. "काका, आज तुम्ही वाटा."

मी पिसले, सरळ पिसले. साडूंनी दोनदा काटले आणि वर माझ्याकडे रोखून बघितलं. वाटले. माझ्या हातात आली चौकटची दुर्री, इस्पिकची सत्ती आणि किलवरची नव्वी. पोरीच्या हातात राण्यांची जोडी निघाली. माझे उसने घेतलेले शेवटचे चार काजू तिच्याकडे परत गेले.

"मुद्दाम दिल्या तिला," साडू म्हणाले.

मी शपथ घेतली. देवाची घेतली, मुलाची घेतली. पोरगी माझ्या हातांकडेच बघत होती. तिने पत्ते गोळा केले, नीट सारखे केले आणि माझ्या पुढ्यात ठेवले.

"काका, परत एकदा करा ना. या वेळी मी नीट बघते."