तुम्ही विचारलंत म्हणून: डायनोवर यायच्या आधी

"भाऊ, गाडी डायनोवर (म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या मशीनवर) लावायची आहे, काय काय करून आणू?" हा प्रश्न मला फोनवर येतो, गॅरेजच्या दारात येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वरण वाढलं जात असताना आला. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. नवा सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, असं काहीतरी भारी. मी म्हणतो, चेन धुऊन आण. की समोरचा हिरमुसतो.

आमच्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये काय होतं, ते आधी सांगतो. गाडीचं मागचं चाक एका जड लोखंडी ड्रमवर येतं, पुढचं चाक शिकंज्यात जातं आणि दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले जातात. मग बहुधा चौथ्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत पूर्ण थ्रॉटल. ड्रम किती झपाट्यानं वेग घेतो, यावरून मशीन पॉवर काढतं. म्हणजे मोजलं जातं ते चाकाशी. इंजिनपासून रबरापर्यंत वाटेत जे जे घासतं, ते सगळं आपला वाटा खाऊन घेतं. कंपनीचा आकडा मात्र इंजिनच्या क्रँकचा असतो. क्लासिक ३५० ला कागदावर २०.२ हॉर्सपॉवर आहेत, आणि कामठीहून आलेल्या एका पोराला स्क्रीनवर सतराच्या वर काही दिसेना. "तीन घोडे कुठी गेले बे?" गिअरबॉक्स, चेन आणि टायरनं खाल्ले. दहा-पंधरा टक्के असे जातातच, त्यात कुणाची चोरी नाही. पण कोरडी, ताणलेली चेन आणि घासणारा ब्रेक याहून जास्त खातात, आणि ते आपण फुकट परत मिळवू शकतो. म्हणून चेन धुऊन, तेल देऊन, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ढिलाईवर आणून ठेवायची. मागचं चाक स्टँडवर हातानं फिरवून बघायचं. एका झटक्यात दोन-तीन फेरे झाले नाहीत, तर ब्रेक नाहीतर बेअरिंग काहीतरी सांगतंय.

टायरच्या खाचांतले खडे मी स्वतः स्क्रू ड्रायव्हरनं काढतो. ताशी शंभरच्या वेगानं ड्रमवरून उडालेला खडा मागच्या भिंतीत रुतलेला पाहिला आहे, तेव्हापासून गाडीच्या मागे कुणालाही उभं राहू देत नाही. भेगाळलेला टायर असेल तर गाडी बांधतच नाही, मग कुणी कितीही ओळख काढो.

खरं दुखणं मात्र धुराच्या वाटेत असतं, आणि हे मी माझ्याच गाडीवर शिकलो. कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट, कार्बुरेटरवाली. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर घातला तर अर्ध्या थ्रॉटलला मीटर साडेपंधरा दाखवत होतं, म्हणजे एक भाग पेट्रोलला साडेपंधरा भाग हवा. फार कोरडं. मी कार्बुरेटरमधल्या निडलची (पेट्रोलची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे निडल वर आणि पेट्रोल जास्त. मीटर जरासंच हललं. आणखी एक खाच. आता गाडी काळा धूर सोडू लागली, प्लग काढला तर काजळीनं माखलेला. मीटर म्हणतं पेट्रोल कमी, प्लग म्हणतो पेट्रोल जास्त! तीन तास गेले. शेवटी मित्रानं ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर दाबून धरलं आणि इंजिनच्या हेडपाशी, धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या बेंड पाईपच्या जोडाजवळ, फुस-फुस ऐकू आलं. जोडाभोवती काळी रेघही होती, मी ती तेलाचा डाग समजून पुसली होती. बेंड पाईप बसवताना जुनंच पॅकिंग परत वापरलं होतं मी. धुराच्या प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर पोकळी होते आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तीच हवा वाचत होता, आणि मी त्या वाचनावर गाडीला पेट्रोल पाजत बसलो होतो. पॅकिंग बदललं, क्लिप मूळ जागी नेली, अर्ध्या तासात काम संपलं.

तेव्हापासून गाडी आली की आधी फडकं. थंड इंजिन नुकतंच सुरू करून, हातमोजे घालून. तुम्ही घरीच करून आलात तर तुमचे तासाचे पैसे वाचतील. इनटेकच्या रबरालाही चीर नाही ना, ते बघा, तिथून हवा शिरली तर मीटर खरं बोलतं पण कारण दुसरंच असतं. सेन्सरसाठी बेंड पाईपवर अठरा मिलिमीटरचा नट वेल्ड केलेला असेल तर उत्तम. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेलाच समजा.

पेट्रोल? रोज ज्या पंपावर भरता तेच, निदान अर्धी टाकी. डायनोपुरतं महागडं पेट्रोल भरून ट्यून केलं तर रोजच्या पेट्रोलवर ते ट्यून आपलं राहत नाही. आता तर इथेनॉल २० टक्के. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणून आम्ही शेडमध्ये आताशा लॅम्ब्डातच (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा) बोलतो: एक म्हणजे बरोबर, एकाच्या वर कोरडं, खाली ओलं.

बाकी टॅपेट, प्लग, एअर फिल्टर, ताजं ऑईल (ओल्या क्लचला चालणारं, डब्यावर जासो एमए लिहिलेलं) हे सर्व्हिसिंगमध्ये होतंच. क्लच घसरत असेल तर तो आधी बदला. आरपीएम चढतो, ड्रम तिथंच राहतो आणि आलेख मधेच कोसळतो. कार्बुरेटरवाल्यांनी जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे स्क्रू) मोठे-लहान दोन-दोन आणावेत, त्या दिवशी बाजारात नंबर मिळेलच असं नाही.

आणि महिना कोणता आहे, हेही विचारत जा. २५ अंशांपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. मशीन आकडा दुरुस्त करून देतं, पण कार्बुरेटरला ते कळत नाही. डिसेंबरच्या पहाटे बसवलेलं जेट मे महिन्यात गुदमरतं. ईएफआयला (कॉम्प्युटरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीला) हवेचं तापमान कळतं, पण तापलेल्या इंजिनापुढे आमचा पंखा कमी पडतो, रस्त्यावरचा वारा तो देऊ शकत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, यायचं असेल तर सकाळी सातला या. दहानंतर मी गाडी बांधत नाही.